विषय : फिरते सायवान परत बोलाविणेबाबत

माणसाच्या डोक्यावर सावली धरणे हे आपल्याकडे पुण्यकर्म समजले जाते. परंतु हीच सावली विजेच्या मोटारीवर चालू लागली, चाकांवरून देशाटन करू लागली आणि धन्याच्या आज्ञेवाचून वाटेल तेथे हातपाय पसरू लागली, म्हणजे तिच्याविरुद्ध जाहीरनामा काढून तिला परत बोलवावे लागते, ही गोष्ट चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांत उन्हाळे काढलेल्या माणसाच्या गळी सहजासहजी उतरण्यासारखी नाही. अमेरिकेतील माणसाच्या ती उतरते. त्या देशात शय्या, चूल, शीतकपाट आणि न्हाणीघर यांसह एक अख्खे बिऱ्हाड चाकांवर चढवून हजारो मैल भटकणारी वाहने आहेत. त्या वाहनांच्या कुशीला, वरच्या अंगाला, कापडाची एक लांबलचक गुंडाळी बसविलेली असते. आणि मुक्कामाची जागा आली, की आतल्या गृहस्थाने एक बटन दाबावे व त्या गुंडाळीने दोन धातूच्या बाहूंवर तोललेले आठ-दहा फुटी सायवान दाराबाहेर उलगडावे, अशी योजना असते. यांतील काही सायवानांच्या अंगी एक दुर्गुण असल्याचे मधूनमधून उघडकीस येते. मुक्कामाची जागा यावयाच्या आधीच, गाडी महामार्गावरून भरधाव चालली असतानाच, त्यांना उलगडावेसे वाटते.

अशा वेळी काय करावे हे तेथे ठरून गेलेले आहे. १९६६ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने वाहनांच्या सुरक्षिततेचा जो कायदा केला, त्याने, आणि पुढे १९७४ साली त्यात झालेल्या दुरुस्तीने, कारखानदाराच्या मागे एक विलक्षण शुक्लकाष्ठ लावून दिले. आपण विकलेल्या वस्तूत जिवावर बेतणारा दोष आहे असे कळून येताच त्याने ते सरकारला कळवावे, प्रत्येक मालकाला टपालाने पत्र रवाना करावे, आणि मालकाने वाहन आणून उभे केले, की दमडीही न घेता दोष काढून द्यावा. विकून, पैसे मोजून घेऊन, विसरून गेलेल्या मालाबद्दल विकणाऱ्याने आपण होऊन ‘आमचे चुकले, आणून द्या’ असे म्हणावे, ही कल्पना आमच्या बाजारपेठेच्या संस्कारांत बसत नाही. आमच्याकडे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गणपतीच्या तसबिरीखालीच टांगलेली असते, आणि गिऱ्हाईक दोघांनाही सारख्याच भक्तिभावाने नमस्कार करून दुकानाची पायरी उतरते.

सायवानाच्या रचनेत वस्तुतः खोट काढण्यासारखे काही नाही. बारा व्होल्टची एक लहानशी मोटार गुंडाळीच्या नळकांड्यात दडविलेली असते. बाहूंना उसळी देण्यासाठी दाबलेल्या वायूच्या नळ्या असतात. आणि वरच्या प्रतीच्या सायवानास वाऱ्याची चाहूल घेणारे एक उपकरणही लावलेले असते, ज्याच्या योगाने सोसाट्याचा वारा सुटून कापड थरथरू लागले, की मालक आत घोरत असला तरी सायवान स्वतःच्या जबाबदारीवर मिटून घेते. म्हणजे कापडाला अक्कल दिलेली आहे; आणि ज्याला अक्कल दिली त्याला आज ना उद्या मर्जीही फुटते, हा अनुभव घराघरांतून सासूंनी व कचेरीकचेरीतून वरिष्ठांनी घेतलेला आहे. तारांत ओल शिरली, बटन आतल्या आत चिकटले, किंवा प्रवासात गुंडाळी आवळून धरणारी कडी सैल पडली, की या मर्जीला वाव मिळतो. तेथील जुने, मुरलेले प्रवासी यावर जो तोडगा करतात तो ऐकून मात्र माझे मन भरून आले. निघण्यापूर्वी ते सायवानाचे दोन्ही बाहू पट्ट्याने करकचून बांधून टाकतात. मोटार, उपकरण, बटन, कायदा आणि टपाल एवढ्या सगळ्यांच्या शेवटी दोरी आली. आणि दोरीपाशी आल्यावर अमेरिका व गडचिरोली यांच्यातले अंतर बरेच कमी होते.

इकडे सूर्याशी आमचा व्यवहार निराळा आहे. २०१९ सालच्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ अंशांपर्यंत चढला, आणि देशातील अत्युष्ण शहरांच्या यादीत आपले नाव वरच्या ओळीत छापून आले म्हणून दुपारी घराबाहेर न पडता आलेल्या नागरिकांनी संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्याविषयी काहीशा अभिमानाने चर्चा केली. शहराच्या उशालाच २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. जमिनीतला कोळसा काढून तो वर जाळण्याचे काम तेथे रात्रंदिवस चालते, आणि मग त्यातून निघालेल्या विजेवर कूलर लावून आम्ही त्याच उष्णतेचा प्रतिकार करतो. परंतु रस्त्यावरच्या माणसाचे खरे सायवान म्हणजे दुपट्टा. डोके, कान, नाक, तोंड आणि परिचय या सर्वांना एका विशिष्ट वेढ्याने गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवणारे हे वस्त्र स्त्री, पुरुष, श्रीमंत, दरिद्री, प्राध्यापक आणि वसुलीला निघालेला कारकून असे सारेच सारख्या रीतीने बांधतात. त्यामुळे मे महिन्यात दुचाकीवरून जाणारी आपली सख्खी मावशी कोणती आणि बँक लुटून निघालेला इसम कोणता, हे ओळखणे पोलिसांनाही कठीण जाते. या सायवानाला मोटार नाही, आणि ते आपण होऊन उलगडले तर धोका एवढाच, की ज्याचे उसने पैसे द्यावयाचे तो नेमका समोर उभा असतो.

सार्वजनिक सावलीची गोष्ट वेगळी. मूल, सावली, व्याहाड या रस्त्याने गडचिरोलीकडे जाताना गावोगावच्या फाट्यांवर जे प्रवासी निवारे दिसतात, त्यांच्या कपाळावर ज्यांच्या निधीतून ते बांधले गेले त्यांचे नाव असते, उद्घाटकांचे नाव असते, प्रमुख पाहुण्यांची नावे असतात, आणि एवढी नावे मावावीत म्हणून दर्शनी भाग प्रशस्त ठेवलेला असतो. छत त्या मानाने अरुंद असते. शिवाय यांतल्या कित्येकांचे तोंड पश्चिमेला केलेले असल्यामुळे दुपारी तीन वाजता निवाऱ्याच्या आत लख्ख ऊन असते आणि सावली निवाऱ्याच्या पाठीमागे पडलेली असते, तेव्हा एस. टी.ची वाट पाहणारी मंडळी निवाऱ्याकडे पाठ करून, त्याच्या मागच्या भिंतीला टेकून, घमेली-पिशव्यांसह ओळीने बसलेली आढळतात, आणि आत एखादी शेळी नावे वाचीत उभी असते. हा दोष तारांतला नव्हे, होकायंत्रातला आहे. परंतु तो निवारा परत बोलवावा असा हुकूम कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. काढला असता, तर त्याच्या पुनःस्थापनेचाही उद्घाटन समारंभ झाला असता.

छत असून सावली नाही, याच्या उलट प्रकार पाहावयाचा असेल तर ताडोब्यास जावे. ताडोब्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे, अंधारीचे अभयारण्य १९८६ सालचे, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ साली झाला. येथे वाघ पाहण्याचा उत्तम हंगाम एप्रिल-मे, कारण तेव्हा नाले आटतात आणि वाघाला पाणवठ्यावर येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जिप्सी नावाचे जे वाहन १९८५ च्या अखेरीस बाजारात आले आणि सैन्यापासून वनखात्यापर्यंत सर्वांनी आपले म्हटले, त्याला कापडी छत लावून देण्याची सोय कारखान्यातच होती. मोहर्लीच्या दरवाज्यापाशी पाहाल तर ते छत काढून ठेवलेले. देशातल्या अत्यंत तप्त भागात, वर्षातल्या अत्यंत तप्त महिन्यात, मुंबई-पुण्याचे सहकुटुंब गृहस्थ आगाऊ आरक्षण करून, ओळखपत्र दाखवून, रोख पैसे मोजून, बिनछपराच्या गाडीत उभे राहतात. आणि ज्याच्या दर्शनासाठी हे पंचाग्निसाधन चाललेले असते, तो प्राणी जांभळीच्या दाट छायेत, उलट्या पावली पाण्यात शिरून, मागील अर्धे अंग बुडवून बसलेला असतो. डोळे किलकिले करून तो गाड्यांकडे पाहतो तेव्हा उभयतांपैकी ज्ञानी कोण, याविषयी निदान त्याच्या मनात संदेह नसावा. मोटारीवरचे सायवान येथे आणले, तर पहिली तक्रार हीच होईल, की त्याने वाघ झाकला.

फिरत्या बिऱ्हाडावरचे सायवान ही वस्तू मात्र या मुलखाला नवी नाही. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची जत्रा भरते. नदी त्या ठिकाणी उत्तरवाहिनी होते, आणि तिच्या काठावरील शिल्पसमृद्ध देवळांमुळे स्थानाची कीर्ती दूरवर गेलेली आहे. या जत्रेला पूर्वी चामोर्शी-मूलच्या टापूतली कुटुंबेच्या कुटुंबे बंडीने येत. बंडी म्हणजे बैलगाडी. तिच्यावर बांबूच्या कामट्यांची कमान वाकवून त्यावर बुरडाने विणलेला तट्टा टाकला, की खाली आजी, सुनांची रांग, तांदळाचे गाठोडे, चुलीचे तीन दगड आणि निजलेली पोरे यांची सोय लागे. वाळूत बंडी सोडली, बैल चाकाला बांधले, तट्टा एका अंगाने ओढून दोन काठ्यांवर टेकविला, की ओसरी तयार. आणि त्या ओसरीत जत्रा संपेपर्यंत संसार चाले. धान कापून झाल्यावर शंकरपटाला जाणारी बंडी हीच, आणि पट आटोपून रात्री वडशाच्या मंडळीचे नाटक पाहावयाला, उजाडेपर्यंत नायिकेच्या दुःखात ओले होऊन परत येणारीही हीच. तट्ट्यातही दोष असत. वावटळीत तो उडे, पावसात गळे, फांदीला अडकून उसवे. परंतु दोष निघाला तर तो विणणारा बुरड त्याच गावात, पलीकडच्या आळीला राहत असल्यामुळे सूचना टपालाने पाठविण्याचे प्रयोजन नसे. ती तोंडी, सकाळी, त्याच्या दाराशी उभे राहून, आणि बहुधा आजीकडून दिली जाई. भाषा सरकारी नसे. तोवर वाटेत पळसाच्या मुळांच्या वाखाचा दोर वळून काम भागवावे, हे गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नव्हते.

अधिकाऱ्यांची सायवाने याहून वेगळी. चंद्रपूर-गडचिरोली मिळून चांदा नावाचा एकच जिल्हा होता, आणि तो मध्यप्रांतात मोडत असे, त्या काळात साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघाला की त्याच्यापाशी तंबूंचे दोन संच असत. एकाखाली तो निजलेला असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी जाई, आणि पहाटे घोड्यावरून दौड मारीत तो तेथे पोचे तेव्हा शामियाना ताणलेला, खुर्ची मांडलेली व चहाचे आधण उकळत असलेले त्याला दिसे. बटन दाबल्याइतकेच ते सहज होते. या योजनेतली मोटार म्हणजे बेगारीला धरून आणलेली आसपासच्या खेड्यांतली माणसे. ओझे त्यांनी वाहावे, मेखा त्यांनी ठोकाव्या, रसद त्यांनी पुरवावी. त्या सायवानात बिघाड झाला, तर बिघाडाचा खुलासा मोटारीकडूनच मागितला जाई, आणि तो समाधानकारक न वाटल्यास दुरुस्तीही मोटारीच्याच पाठीवर होई. अमेरिकेतल्या कारखानदाराने आपल्या निर्जीव मोटारीबद्दल पत्र लिहून दिलगिरी दर्शविली हे वाचताना अहेरीच्या जंगलातले ते रात्रीचे तांडे मला आठवतात, आणि बारा व्होल्टच्या त्या यंत्राविषयी कृतज्ञता वाटते. त्याने आपल्या मर्जीने उलगडावे; माझी हरकत नाही.

कायद्याच्या बाबतीत आपणही अगदीच मागे राहिलो आहोत असे नव्हे. थोडेसे उशिरा निघालो, एवढेच. वाहन उत्पादकांच्या संघाने २०१२ साली स्वेच्छेने परत बोलाविण्याची एक संहिता स्वीकारली. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, एक लाख रुपयांची म्हणून गाजलेल्या नॅनो गाडीपैकी काही पेटल्या तेव्हा टाटा मोटर्सने सर्व मालकांना गाड्या आणून फुकट सुरक्षासाधने बसवून घ्या असे सांगितले आणि त्याबरोबरच हे परत बोलावणे नव्हे असाही खुलासा केला. बोलाविले, पण परत बोलाविले नाही. नैयायिकांनी मान डोलवावी असा हा भेद होता. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने सक्तीने परत बोलाविण्याची व कसूर केल्यास कारखानदारास दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड करण्याची तजवीज झाली. वाहन सात वर्षांच्या आतले असावे, ही अट. योगायोग असा, की त्याच २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. म्हणजे फिरते बिऱ्हाड आणि त्याला परत बोलाविण्याचा हुकूम ही जुळी भावंडे एकाच वर्षी आपल्या राज्यात चालू लागली.

तेव्हा समजा, न्यू जर्सीचे एक जावईबापू आपले अमेरिकी बिऱ्हाड तात्पुरत्या परवान्यावर बोटीतून मुंबईस उतरवून, सासुरवाडीच्या मंडळींस ताडोबा व भामरागड दाखविण्याच्या सद्हेतूने चैत्रात चंद्रपुरास दाखल झाले. सासरे निवृत्त शिरस्तेदार, त्यांनी गाडीस एक प्रदक्षिणा घातली आणि एकच प्रश्न विचारला : “जावईबापू, हे उजवीकडे उघडते?” प्रश्न मर्मावर होता. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या कडेने चालतात, म्हणून दार व सायवान उजव्या अंगाला. तेच वाहन आमच्या रस्त्यावर आणले, की सायवान समोरून येणाऱ्या एस. टी.च्या तोंडासमोर उलगडावयास मोकळे. जावईबापूंनी हसून हवेचा दाब, बाहूंची रचना आणि कारखान्याची हमी यांविषयी माहिती सांगितली. सासऱ्यांनी ती ऐकून घेतली व मेहुण्यास दोर आणावयास पाठविले. तो जावईबापूंनी सौजन्याने नाकारला.

प्रथम उलगडण्याचा मान जटपुरा दरवाज्यास मिळाला असता. गोंडराजांच्या परकोटाचा हा दरवाजा हत्तीसाठी बांधलेला असल्यामुळे आजच्या वाहतुकीस पुरत नाही, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या तोंडाशी जी दाटी होते तिच्यात बसून चंद्रपूरकरांच्या कित्येक पिढ्यांनी संयम नावाचा गुण संपादन केला आहे. त्या कमानीखाली सायवान उलगडले असते, तर वाहतूक पोलिसाने गाडी मागे घ्या म्हटले असते, मागच्यांनी पुढे घ्या म्हटले असते, आणि परकोट हे संरक्षित स्मारक असल्यामुळे पुरातत्त्व खात्याने १९५८ च्या कायद्याचा आधार घेऊन गाडी जागची हलवू नका म्हटले असते. परंतु या प्रसंगाचा मोह मी आवरतो. सुदैवाने ते तेथून सुखरूप निघाले आणि आलापल्लीपर्यंत शहाण्यासारखे वागले.

आलापल्लीपुढे भामरागडपर्यंत रस्ता जंगलातून जातो. ऐन, बीजा, मोह आणि सुप्रसिद्ध साग दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकून पाहत असतात. हाच तो साग, ज्याचे लाकूड अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपुराहून वाजतगाजत गेले. अशा एका वळणावर, खड्ड्याचा धक्का बसून, सायवानास अखेर उलगडावेसे वाटले. समोरून कोणी नव्हते हे पूर्वजांचे पुण्य. एक बाहू राखीव वनातल्या सागाच्या फांदीत गुंतला, फांदी मोडली, कापड अर्धे रस्त्यावर व अर्धे जंगलात पसरले, आणि अर्ध्या तासात, जेथे मघापर्यंत चिटपाखरू नव्हते, तेथे शासनाचे दोन विभाग हजर झाले.

वनरक्षकाचे म्हणणे साधे होते. राखीव वनातल्या झाडास इजा झाली, सबब भारतीय वन अधिनियम, १९२७, कलम २६. आणि गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त करावयाचे, सबब कलम ५२. परिवहन खात्याच्या निरीक्षकाचे म्हणणे त्याहून साधे. वाहनाच्या मूळ रचनेत नोंदणीबाहेरचा फेरबदल दिसतो, सबब मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२. दोन निरनिराळ्या कायद्यांनी, एकसष्ट वर्षांच्या अंतराने, एकमेकांस न विचारता एकाच क्रमांकाचे कलम एकाच गाडीसाठी राखून ठेवले होते, हे पाहून सासऱ्यांतला शिरस्तेदार जागा झाला, आणि त्यांनी दोघांच्याही मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवून दिल्या. पंच म्हणून मोह वेचून परतणारे दोघे इसम धरून आणले गेले. मजकूर सायवानाची लांबी-रुंदी वितीने मोजण्यात आली. ते राखीव वनात तीन हात व सार्वजनिक रस्त्यावर पाच हात असल्याचे निष्पन्न झाले. आणि ‘सायवान स्वतः होऊन उघडले’ हे जावईबापूंचे निवेदन जबाबात जसेच्या तसे घेण्यात आले, त्यापुढे कंसात ‘असे म्हणतो’ हे शब्द घालून. पंचांपैकी वडीलधाऱ्याने अंगठा उठविण्यापूर्वी एकच शंका काढली : “मोटर लावाचीच होती जी, तं मंग दोर काहून नाही बांधला?” तिचे उत्तर पंचनाम्यात नाही.

गाडी सोडण्यात आली, सायवान मुद्देमाल म्हणून उतरविण्यात आले, आणि जवळच्या गावच्या पोलीस पाटलाच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर देण्यात आले. येथपर्यंत आले असता गोष्टीत एक पोटभेद उत्पन्न झाला. कारण ते गाव सामूहिक वनहक्क मिळालेले होते. या हक्काची सुरुवातच गडचिरोली जिल्ह्यातली. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ साली तो मिळाला, आणि तेथील ग्रामसभा एकाचाही विरोध असेतोवर निर्णय घेत नाही, ही त्यांची रीत पुढे पुष्कळांनी वाखाणली. आमच्या कल्पनेतल्या गावानेही तीच रीत उचलली असल्यामुळे सायवान हे वनोपज आहे की कसे, यावर दोन बैठका झाल्या. ते जंगलात सापडले हे खरे. फांदीला लागलेले होते हेही खरे. हंगामात गळून पडले हेही कोणी नाकारीत नव्हते. तेंदूपत्त्याबाबत याहून अधिक पुरावा कोण मागतो?

इकडे कारखानदाराने आपले कर्तव्य चोख बजावले होते. दोष ध्यानात येताच त्याने सरकारला कळविले, आणि कायद्यात सांगितल्याप्रमाणे मालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर, म्हणजे न्यू जर्सीतल्या कुलूपबंद घराच्या पत्रपेटीत, पत्र पोचते केले. पत्रात असे लिहिले होते, की दुरुस्ती होईपर्यंत वाहन रस्त्यावर नेऊ नये, आणि दुरुस्तीसाठी ते जवळच्या अधिकृत केंद्रात न्यावे. वाहन रस्त्यावर न नेता केंद्रात कसे न्यावे याचा तपशील पुरवणीत असावा. शेजाऱ्याने ते पत्र सासुरवाडीच्या पत्त्यावर पाठविले. तेथून शिरस्तेदारांनी ते रीतसर तहसिलीत दिले. तहसिलीने ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असा शेरा मारून खाली रवाना केले. आणि ते तलाठ्याच्या हाती पडेतो आषाढ उजाडून पर्लकोटा नदीने पुलावरून पाणी घातले होते व दरवर्षीप्रमाणे भामरागड जगापासून अलग झाले होते. पूर ओसरल्यावर कोतवालाने पत्र गावात नेऊन वाचून दाखविले. ग्रामसभेने ते शांतपणे ऐकले आणि सर्वसहमतीने पुढीलप्रमाणे उत्तर लिहून दिले, ज्याची नक्कल शिरस्तेदारांनी माहितीस्तव मागवून घेतली :

‘आपले पत्र पोचले. मजकूर समजला. आपले सायवान सुखरूप असून त्याची चिंता नसावी. त्यावर यंदाचा मोह वाळविला, खाली पाच लग्ने लागली, व पहिल्या पावसात ते पाटलाच्या गोठ्यावर घातले आहे. अद्याप गळत नाही. मोटार काढून वेगळी ठेवली आहे, ती न्यावयाची असल्यास न्यावी. सायवान धोक्याचे आहे असे आपण लिहिता. परंतु चार मेढी रोवून बांधल्यापासून ते आपल्या मनाने एकदाही उघडले अथवा मिटलेले नाही, याची खात्री गावातील कोणीही देईल. सबब ते तूर्त परत पाठविता येत नाही. माघात आणखी दोन लग्ने ठरली आहेत. वरपक्षाकडची माणसे पुष्कळ येणार असल्याने एक सायवान अपुरे पडेल; तरी याच दोषाची आणखी असल्यास पाठवावीत. दोर आमचा.’